तुमच्या दिरांचं नाक आणि आयला बेटावरची दारू

आयला बेट,
बोटीच्या धक्क्यावरची शेड,
मंगळवार

ती. सौ. मंदाताई,

धाकट्या जावेचा नमस्कार घ्या, आणि आधी ओटीवरून उठून आत जा. हे पत्र माजघरात नाहीतर विहिरीपाशी बसून वाचा. हल्ली कागदावर पत्र कोण लिहितं, असं तुम्ही म्हणाल. पण तुमचा मोबाइल असतो तात्यांच्या खिशात, आणि आलेला प्रत्येक मेसेज तात्या ओटीवर बसून खणखणीत आवाजात वाचतात. मग समोर नारळ उतरवायला आलेला गडी असो नाहीतर मुंबईहून आलेले शनिवार-रविवारचे पाहुणे असोत. (माझ्या मूतखड्याची बातमी तुमच्याआधी केळव्याच्या रिक्षास्टँडला कळली होती.) तेव्हा कागदच बरा. तुमची तब्येत कशी आहे? ब्लडप्रेशरची गोळी वेळेवर घेता, की तात्यांवर ओरडून झाल्यावर आठवते? तात्या बरे असतीलच, आमच्या थोरल्या दिरांना काय होतंय. पानवेलींना पाणी पुरतंय ना? कैरीचं लोणचं घातलं असेल तर माझ्या वाटची बरणी बाजूला काढून ठेवा, पाहुण्यांच्या ताटात संपवू नका. आम्ही दोघं खुशाल आहोत. पत्र लिहायला कारण म्हणाल तर विशेष काही नाही. आज वाऱ्यामुळे बोट रद्द झाली आहे आणि माझ्याकडे वेळ आहे, एवढंच.

आता प्रवासाचं सांगते. चारुता आणि जावई यांनी आम्हाला इकडे बोलावलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. पण ग्लासगोला त्यांच्या घरी चार दिवस राहून, नातवंडाचा विषय दोनदा काढून, झाडांना पाणी घालून परत यायचं, अशी माझी कल्पना होती. प्रीतमरावांची कल्पना वेगळी. ते म्हणाले, आई-बाबा लग्नानंतर कुठे फिरलेच नाहीत, त्यांनी दोघांनी समुद्रकाठची गावं बघत जावं, बेटांवर जावं. इथवर ठीक होतं. मग त्यांनी प्रेमाने कागद पुढे केला, त्यात बेटावरच्या तीन व्हिस्कीच्या भट्ट्यांची तिकिटं काढलेली. जावयांचं म्हणणं, बाबांनी तारापूरला जन्मभर केमिकलची भांडी सांभाळली, त्यांना इथली तांब्याची भांडी बघायला आवडतील. जावयाला नाही कसं म्हणणार? माळकरी घरातून आलेली मी, सासरी ताडीचा माठसुद्धा मागच्या दाराला असायचा, आणि आता तिकीट काढून दारूची भट्टी बघायची. आमच्या बोईसरच्या बचत गटातल्या बायकांना मी 'धान्यप्रक्रिया उद्योगाची पाहणी' असं सांगितलं आहे. खोटं नाही ते, दारू जवापासूनच करतात.

तुमच्या दिरांना इथे सगळे शैलेश शैलेश म्हणतात, दुकानातली पोरटीसुद्धा. तेव्हा मीही या पत्रात तसंच लिहिते. (घरी आल्यावर परत 'हे' म्हणेन, काळजी करू नका.) तर शैलेश इकडे आल्यापासून भलतेच खूश होते. ओबान म्हणून समुद्रकाठचं गाव आहे, तिथे आम्ही आधी राहिलो. गाव छान आहे, पण समुद्र बघून मला आपल्या केळव्याची वाडी हवीशी झाली. इथे किनाऱ्यावर एक नारळ नाही, एक पोफळ नाही, नुसता दगड आणि गवत. मासळी मात्र ताजी. पण ताज्या मासळीचं हे लोक काय करतात? पिठात बुडवून तळतात. ना मीठ, ना मिरची, ना कोकम. मी एक घास खाल्ला आणि उरलेला लिंबाच्या आधाराने गिळला. शैलेश मात्र बोटं चाटत होते. म्हणाले, "मस्त हाय, नाय का?" मला रागच आला. पापलेटाच्या कालवणात आमसूल एक कमी पडलं तर पूर्वी ज्यांना समजायचं, त्यांना हे मस्त? तेव्हा मला वाटलं, परदेशाचं कौतुक आहे, दुसरं काही नाही.

याच ओबानला आमची मोठी फजिती झाली, ती तुम्हाला सांगायलाच हवी, कारण तिला तुम्ही जबाबदार आहात. निघताना तुम्ही हौसेने सुकटीची पिशवी दिली होतीत. चारुताला सुकटीची चटणी आवडते म्हणून मी ती घेतली, चारुताला अर्धी दिली आणि अर्धी आपल्याला जेवणात लागेल म्हणून बॅगेत ठेवली. आम्ही उतरलो होतो एका बाईंच्या घरी. या बाई घरातल्या खोल्या पाहुण्यांना देतात, तुम्ही देता तशा, फक्त त्यांच्या उशांवर लोकरी मेंढ्या असतात. खोलीत भिंतीला लागून एक लोखंडी पन्हळ असते, ती तापते आणि खोली गरम होते. माझी बॅग नेमकी तिला टेकवलेली. पिशवी फुटली, सुकट तापली, आणि सकाळी आम्ही खाली नाश्त्याला बसलो तोवर वास जिन्यावरून उतरून आमच्या आधी टेबलावर येऊन बसला होता. घरमालकीण बाईंनी खिडक्या उघडल्या. मग कुत्र्याकडे संशयाने बघितलं. मग त्यांनी फोन करून नळ दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं, तो आला आणि मोरीत उंदीर मेला असणार म्हणून जमिनीच्या फळ्या उचकटायला लागला. मी लाजेने अर्धी झाले.  आणि शैलेश माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून शांतपणे चहा पीत होते. मी डोळ्यांनी खुणावलं तर म्हणाले, "कसला वास? मला तर नाय येत."

मला तेव्हा काय वाटलं सांगू? वाटलं, काय हा माणूस, बायकोची लाज राखायला सगळ्यांच्या देखत इतकं सहज खोटं बोलतोय. मंदाताई, खरं सांगते, इतक्या वर्षांत मला यांचं एवढं कौतुक वाटलं नव्हतं. मी वर जाऊन सुकट गुंडाळली, बाईंपुढे ठेवली आणि मोडक्या इंग्रजीत कबुली दिली. बाई चांगल्या निघाल्या, हसत सुटल्या. (नळवाल्याने मात्र उचकटलेल्या फळ्या काहीतरी पुटपुटत परत बसवल्या.) त्या दिवशी मी शैलेशना दुपारी स्वतःहून आइस्क्रीम घेऊन दिलं. ते आइस्क्रीम का, ते त्यांना अजून माहीत नाही.

मग बोटीत बसून आम्ही या बेटावर आलो. बेटाचं नाव लिहितात वेगळं, म्हणतात 'आयला'. प्रीतमराव पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मला वाटलं जावई वैतागले. तात्यांसमोर मोठ्याने वाचू नका, ते दिवसभर म्हणत बसतील. बेट केवढंसं, पण भट्ट्या जागोजागी. पांढऱ्या भिंतींवर काळ्या अक्षरात नाव, मागे समुद्र. आपल्याकडे ताडी सकाळी उतरवली की दुपारच्या आत पिऊन मोकळे होतात. इथे हे लोक दारू करून लाकडी पिंपात भरतात आणि दहा-दहा, वीस-वीस वर्षं नुसते तिच्याकडे बघत बसतात. पिंपातली थोडी दरवर्षी उडून जाते, तिला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. आपल्याकडे सुपारी वाळल्यावर वजनात कमी भरली की तात्या आधी उंदरांना आणि मग माझ्या नवऱ्याला बोल लावतात. देवदूतांचं नाव घेतलं असतं तर किती भांडणं वाचली असती. मला ते उडून जाणं आवडलं. पिंप बाहेरून तसंच दिसतं, आतून थोडं थोडं कमी होत असतं, आणि उघडून बघेपर्यंत कुणाला पत्ता नसतो.

पहिल्या भट्टीत शैलेश मुलासारखे झाले. तांब्याची भांडी बघून त्यांनी आम्हाला फिरवणाऱ्या बाईंना प्रेशरचे, व्हॉल्व्हचे, वाफेचे इतके प्रश्न विचारले की मागची मंडळी घड्याळं बघायला लागली. बाईंना निम्मं समजलं नाही आणि निम्मं माहीत नव्हतं. मग एक म्हातारा कामगार आला, त्याला इंग्रजी येत होतं पण त्याचं इंग्रजी आम्हाला येत नव्हतं, तरी दोघं भांड्यावर हात ठेवून खूप वेळ बोलले. मी अभिमानाने उभी राहिले. मला वाटलं, प्रीतमरावांनी बरोबर ओळखलं.

पुढे त्यांनी आम्हाला जव सुकवायच्या खोलीत नेलं. इथे जमिनीतून काळी कुजकी माती विटांसारखी कापून काढतात, पीट म्हणतात तिला, ती वाळवतात आणि तिचा धूर जवाला देतात. खोलीचं दार उघडलं आणि मंदाताई, माझे पायच थांबले. तो राबाचा वास होता. आपला, भाताच्या खाचरात पाला-शेण पसरून राब भाजतात ना, तोच. माती भाजल्याचा. मी लग्न होऊन आले त्या वर्षी राबाच्या दिवसांत माझ्या नव्या साड्यांना तो वास बसला आणि मी न्हाणीघरात रडत बसले, तेव्हा यांनीच मला दाराबाहेरून समजावलं होतं. पाल्याचा राब कसा येतो, शेणाचा कसा, पाऊस जवळ आला की धूर कसा जड होतो. मला वास घ्यायला त्या माणसाने शिकवलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, धुराने म्हणा. मी वळून म्हटलं, कशाचा वास हो? शैलेशनी छाती भरून श्वास घेतला, माझ्याकडे हसून बघितलं आणि म्हणाले, "दारूचा. अजून कशाचा असणार?"

मी इतरांमागून पुढे चालू लागले. पण काहीतरी खटकलं ते खटकलंच. तिथून आम्हाला चव घ्यायला एका मोठ्या टेबलाशी बसवलं. प्रत्येकासमोर ओळीने ग्लास. मी पिणार नव्हते, वास घेणार होते. (घेतला. औषधाच्या कपाटात कुणीतरी शेकोटी केल्यासारखा आहे.) पहिल्या ग्लासात होती नुकतीच काढलेली दारू, ती पाण्यासारखी पांढरी स्वच्छ असते, पिंपात गेल्यावरच रंग येतो. तिच्या शेजारी चूळ भरायला खरंच पाण्याचा ग्लास. बाईंनी सांगितलं, एकेकाने वास घ्यायचा आणि काय आठवतं ते सांगायचं. एक जर्मन जोडपं होतं, ते म्हणाले चामडं, जुनं कपाट. एक मुलगी म्हणाली मध. कुणी धूर म्हणालं, कुणी समुद्र. शैलेशचा नंबर आला. त्यांनी ग्लास उचलला, डोळे मिटले, देवळात तीर्थ घेतल्यासारखं नाकापाशी नेलं, बराच वेळ तसे राहिले आणि म्हणाले, "स्मोक. हनी. अँड लिटल सी."

तो पाण्याचा ग्लास होता.

सगळं टेबल हसलं. बाई म्हणाल्या, आमच्या तळ्याच्या पाण्याची इतकी तारीफ आजवर कुणी केली नव्हती, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. जर्मन माणसाने यांच्या पाठीवर थाप मारली. सगळ्यांना वाटलं, भारतातला हा गृहस्थ मोठा विनोदी आहे. मीही हसले. पण मी यांच्याकडे बघत होते. शैलेशही हसले, पण आधी इतरांकडे बघितलं आणि मग हसले. ते सगळ्यांचे शब्द लक्षात ठेवून बसले होते, आणि नंबर आल्यावर तेच परत म्हणाले. सुकट, तळलेली मासळी, राब, एकामागून एक माझ्या डोळ्यांपुढे आलं.

तरी मला खात्री करून घ्यायची होती. आज सकाळी बोट रद्द झाल्याचं कळलं आणि आम्ही या शेडमध्ये येऊन बसलो. जरा ऊन आलं तसे शैलेश बाकड्यावर मान टेकून डोळे मिटून बसले. माझ्या पर्समध्ये हिंगाची डबी असते (चारुताच्या घरच्या हिंगाला वास म्हणून नाही, म्हणून मी बोईसरहून आणलेली, विमानतळावर तिच्यापायी माझी पर्स दोनदा उघडली). मी डबी काढली, झाकण उघडलं आणि यांच्या नाकाखाली धरली. इतकी जवळ की मलाच शिंक आली असती. म्हटलं, वास येतोय का कसला? त्यांनी सावकाश श्वास घेतला आणि म्हणाले, "येतोय ना. समुद्राचा." मी डबी बंद केली आणि पर्समध्ये ठेवली.  यातलं त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.

मंदाताई, मला आधी रडू आलं नाही, राग आला. म्हणजे किती वर्षं हा माणूस माझ्या हातचं जेवून "आज फोडणी झकास बसली" म्हणत आलाय ते नुसतं फोडणीचा आवाज ऐकून. मग मनात आलं, अरे, पण इतकं कान देऊन ऐकत तरी होता. वास नाही तर आवाज, पण स्वयंपाकघराकडे लक्ष होतं. तिथे माझा राग निवला आणि भीती सुरू झाली. कारण गेल्या पावसाळ्यात मी बाजारातून आले तेव्हा घरात गॅस भरलेला होता. बटण नीट बंद झालेलं नव्हतं आणि शैलेश त्याच खोलीत पेपर वाचत बसलेले. मी तेव्हा काय नाही बोलले. पेपरात डोकं, घराकडे दुर्लक्ष, सगळं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, चूक पटली.

बोईसरमध्ये नाक गेलेला माणूस सहज लपतो हो. वाऱ्याची दिशा बदलून कारखान्यांचा उग्र वास आला की सगळी बिल्डिंग खिडक्या लावत कुरकुरते, आणि एकच माणूस गॅलरीत शांत उभा असतो. आम्ही सगळे म्हणायचो, शैलेशभाऊ किती सोशिक आहेत. नाक कधी गेलं, त्या मोठ्या तापात गेलं की कारखान्यात हळूहळू गेलं, मला माहीत नाही. पण का लपवलं ते मला कळतं. कारखान्यात यांच्या नाकाचं नाव होतं. कुठल्या पाइपच्या जोडातून काय गळतंय ते हे दारातून सांगायचे. नवीन पोरं, उत्तर प्रदेशातली, बिहारमधली, ती यांना बोलवायला यायची, "शैलेशभाई, जरा सूंघ के बताओ ना." त्यांचं ते ऐकून घरी आले की यांची छाती दोन बोटं पुढे असायची. मग मध्यंतरी हे सांगायला लागले की नाकावर भरवसा ठेवायचा नसतो, साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. मला वाटलं, अनुभवाने माणूस शहाणा होतो. पोरांनाही तसंच वाटलं असेल. पण जिथे साबणाचं पाणी आणायला वेळ मिळत नाही, तिथे काय? तिथे यांच्या भरवशावर उभी असलेली ती पोरं, त्यांचं काय? निवृत्तीला अजून दोन-अडीच वर्षं आहेत. आणि तीन आठवड्यांनी रजा संपल्यावर हे पुन्हा त्या प्लांटवर जाऊन उभे राहणार, नाक असल्यासारखे. मला आज रात्री झोप लागणार नाही.

समोर समुद्र उसळतोय, शैलेश टपरीवर चहा आणायला गेलेत. मला त्यांना विचारता येत नाही. विचारलं तर ते हसण्यावारी नेतील, आणि एकदा हसण्यावारी नेलं की पुढे आम्हा दोघांनाही खरं बोलता येणार नाही. यांना कुणी तुमच्याने आता होत नाही असं म्हटलं की ते हट्टाने करतात. तुमच्याच घरचे आहेत, तुम्हाला सांगायला नको.

असो. बाकी सगळं छान. हवा थंड, माणसं चांगली, मेंढ्या पुष्कळ. तात्यांना माझा नमस्कार सांगा, पण पत्रातलं काही सांगू नका. तुम्ही स्वतःला जपा.

तुमची,
हेमांगी

ता. क. तात्यांसाठी व्हिस्कीची एक लहान बाटली घेतली आहे. ती आणल्यावर तुमच्याकडेच ठेवा, म्हणजे पाहुण्यांना दाखवून दाखवून संपवणार नाहीत. सोबत पीटचं एक ढेकूळ कागदात गुंडाळून पाकिटात घालते आहे. भट्टीवाल्यांनी आठवण म्हणून दिलं. चुलीत टाकून बघा, मी म्हणते तो राबाचा वास येतो की नाही.

ता. क. आणखी एक. मघाशी विशेष काही कारण नाही असं लिहिलं, तर एक लहानसं काम आहे. तात्यांनी शैलेशना पत्र लिहावं, की आता मला वाडी झेपत नाही, गुडघे दुखतात, पोफळीवर नजर ठेवायला आणि माणसांकडून काम करून घ्यायला घरचं माणूस हवं, नोकरी सोडून ये. भावाला गरज आहे म्हटल्यावर हे कारखाना सोडतील, स्वतःसाठी सोडणार नाहीत. मला ठाऊक आहे, तात्यांनी जन्मात कुणापुढे हात पसरलेला नाही, आणि त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत. म्हणून तर तुम्हाला लिहितेय. तात्यांना हे करायला लावणारी या जगात तुम्ही एकटीच आहात. खरं कारण त्यांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. फोन मात्र करायला देऊ नका, खोटं बोलताना तात्या खोकतात. आम्ही बोईसरला पोचायच्या आत पत्र दारात पडलेलं हवं.

ता. क. आम्ही केळव्याला आलो तर मागची खोली आम्हाला चालेल. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांचा स्वयंपाक मी करेन. तुमच्या मसाल्याच्या डब्याला हात लावणार नाही, माझा वेगळा ठेवेन. (तुमच्या मसाल्यात धणे जास्त असतात, पण ते आत्ता बोलत नाही.) पत्र पोस्टात टाकायला यांच्याकडेच देते आहे, कारण मला इथली तिकिटं कळत नाहीत. काळजी नको. या माणसाने माझं अक्षर आजवर किराणा आणतानासुद्धा धड वाचलेलं नाही.

वहिनी, नमस्कार. मी शैलेश. हेमांगीने पाकीट चिकटवून दिलं होतं. पोस्टातल्या बाईंनी दाबून बघितलं आणि आत ढेकूळ काय आहे म्हणून विचारलं. माती पाठवता येत नाही म्हणाल्या, म्हणून पाकीट फोडावं लागलं. ढेकूळ काढून खिशात ठेवलं. आधी वास घेऊन बघितला, सवय जात नाही. मग पत्रावर माझं नाव दिसलं म्हणून वाचलं. अक्षर वाईट आहे पण सगळं वाचलं.

लिहिलं आहे ते खरं आहे. एक गोष्ट तिला कळलेली नाही. नाक गेलं, कान गेलेले नाहीत. हिंगाच्या डबीचं झाकण उघडताना कसं वाजतं ते मी रोज ऐकतो. डोळे मिटून होतो तरी मला ती डबी कळली. हिंग म्हटलं असतं तर सुटलो असतो, अजून दोन वर्षं ओढली असती. पण वहिनी, मी दमलो. तोंडाने सांगवत नव्हतं, म्हणून समुद्र म्हणालो.

रजा वाढवायचं मी इथूनच कळवतो. आता प्लांटवर जाणार नाही. हे हेमांगीला सांगू नका, तिने मला सोडवलं असं तिला वाटू दे. तात्याचं पत्र येऊ द्या. गुडघे लिहा, कंबर लिहा, काहीही चालेल. पत्र आलं की मी आधी नको म्हणेन. कारखाना माझ्याशिवाय चालत नाही, असंही म्हणेन. ते मनावर घेऊ नका. तात्याला म्हणावं, दुसरं पत्र लिही.